जुन्या घराच्या स्वयंपाकघरात विजेच्या शेगडीसाठी पॉवर पॉइंट घेताना

जुन्या घरात इंडक्शन शेगडी आली की पहिली अडचण सॉकेटची येते. ओट्याजवळ मिक्सरसाठी घेतलेला पॉइंट ६ अँपिअरचा असतो, शेगडीची पिन जाड असते, ती त्यात जात नाही. मग कोणीतरी सुचवतो की सॉकेट तेवढे काढून १६ अँपिअरचे बसवा, काम होऊन जाईल. हे काम अर्ध्या तासात होते आणि शेगडी लगेच चालूही होते, म्हणूनच ही सूचना घातक आहे. पिन जाड ठेवण्यामागचा हेतूच हा की जास्त प्रवाह ओढणारे उपकरण बारीक वायरीच्या पॉइंटला लागू नये. सॉकेट बदलले की तो अडसर निघून जातो, भिंतीतली वायर मात्र तीच राहते. पॉवर पॉइंट घेणे म्हणजे मीटरपासून ओट्यापर्यंतची सगळी वाट त्या प्रवाहाला पुरेशी करणे होय, आणि सॉकेट हा त्या वाटेचा अगदी शेवटचा, सर्वांत सोपा भाग आहे.

बोलताना काही जण याला 'हाय व्होल्टेजचा पॉइंट' म्हणतात. आपल्याकडे ते बरोबर नाही. दिव्याला, पंख्याला आणि शेगडीला सिंगल फेजवर २३० व्होल्टच मिळतात. फरक पडतो तो प्रवाहात. अमेरिकेत खरोखरच दोन वेगळे व्होल्टेज घरात खेळवलेले असतात: साध्या सॉकेटला १२० आणि विजेच्या मोठ्या शेगडीच्या खास सॉकेटला २४०. तिथल्या जुन्या घरांत त्या सॉकेटला तीनच वायरी असतात आणि न्यूट्रलच अर्थिंगचे काम करतो. १९९६ च्या तिथल्या नियमावलीपासून नव्या जोडणीला चार वायरी लागतात. तिकडे राहणाऱ्या नातेवाइकाने सांगितलेली पद्धत म्हणून इकडे वापरू नये, आणि इकडची तिकडे तर मुळीच वापरू नये.

आता प्रवाहाचा हिशेब. शेगडीमागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात, त्यांना २३० ने भागले की अँपिअर मिळतात. ओट्यावर ठेवायची एका जागेची इंडक्शन शेगडी बहुधा २००० वॅटच्या आसपास असते, म्हणजे ८.७ अँपिअर. दोन जागांची ३५०० वॅटची असेल तर १५.२ अँपिअर, आणि ओट्यात बसवायची चार जागांची ७००० वॅटची असेल तर ३०.४ अँपिअर. हा प्रवाह मिक्सरसारखा मिनिटभर वाहत नाही. वरण शिजेपर्यंत, दूध आटेपर्यंत, सणाच्या दिवशी तर सकाळपासून दुपारपर्यंत तो वाहतो, आणि वायर तापायला तेवढा वेळ पुरेसा असतो.

हे सगळे काम स्वतःच्या हाताने करावे असे मी सुचवत नाही. दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण जुन्याच्या जागी नवे बसवणे वेगळे, पण नवी लाइन ओढणे हे नियमाप्रमाणे परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या तारतंत्र्याच्या हातून करून घ्यायचे काम आहे. तरीही घरमालकाला ते कळले पाहिजे, कारण कोणती वायर घालायची, अर्थिंग तपासायचे की नाही, हे निर्णय बहुतेक घरांत ओट्यापाशी उभ्याउभ्या, खर्चाकडे पाहून घेतले जातात, आणि तेव्हा तिथे तुम्ही असता.

आधी आहे ते पाहा

सुरुवात स्वयंपाकघरातून करू नका, मीटरपासून करा. जुन्या इमारतीत मीटर तळमजल्यावर जिन्याखाली असतो आणि तिथून एक मेन वायर वर घरापर्यंत येते. ती किती जाड आहे आणि तांब्याची आहे की ॲल्युमिनियमची, हे आधी ठरवावे लागते. जुने तारतंत्री वायर गेजमध्ये सांगतात: तीन-बावीस म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा, त्याचे क्षेत्रफळ जेमतेम १.२ चौरस मिलिमीटर; तीन-वीस म्हणजे सुमारे २; सात-वीस म्हणजे सुमारे ४.६. पन्नास वर्षांपूर्वी घरात चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ होता, तेव्हा सात-वीसची मेन ऐसपैस होती. आज त्याच घरात २००० वॅटचा गीझर, १५०० वॅटचा एसी, १००० वॅटची इस्त्री आणि तुमची नवी शेगडी एका वेळी चालू झाली तर ६५०० वॅट म्हणजे २८ अँपिअर होतात. ही बेरीज कागदावर मांडा आणि वीजबिलावर छापलेल्या मंजूर भाराशी ताडून पाहा. मंजूर भार कमी असेल तर वीज कंपनीकडे तो वाढवण्याचा अर्ज आधी द्यावा. मीटरचे सील कोणीही तोडू नये. मीटरपर्यंतचे काम कंपनीचे, मीटरपासून घरापर्यंतचे तुमचे.

नंतर घरातला बोर्ड. चिनीमातीचे किटकॅट फ्यूज असतील तर फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही वायरींना फ्यूज आहे का ते विचारा. जुन्या कामात तो दोन्हीकडे असे आणि ते फार धोक्याचे आहे: न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर शेगडी बंद पडते, घरातल्या माणसाला वाटते वीज गेली, आणि आत मात्र फेज तसाच जिवंत असतो. न्यूट्रलमध्ये फ्यूज असता कामा नये. किटकॅटमध्ये घातलेली तारही नीट पाहा, कारण वारंवार उडतो म्हणून कोणीतरी कधीतरी जाड तार गुंडाळून ठेवलेली असते.

वायरिंग सागवानी पट्टीवर क्लिपांनी बसवलेले असेल, किंवा लाकडी केसिंगमधून गेलेले असेल, तर त्याच्या रबरी आवरणाचे आयुष्य संपलेले आहे असे समजून चालावे. माझ्या आत्याचे घर पुण्यातल्या एका जुन्या वाड्यात होते. तिथे ओट्याजवळच्या बोर्डाला काही दिवस सुक्या मासळीसारखा वास येत होता. घर शाकाहारी, त्यामुळे आत्याला वाटे की मांजराने कुठेतरी काही आणून टाकले आहे. मी मेन बंद करून बोर्डाची पाटी उघडली. तीन-बावीसच्या वायरीला पुढे दुसरी वायर नुसती पिळून जोडलेली होती, वर सुती चिकटपट्टी होती, आणि तिच्या आतले तांबे काळे पडले होते. रबराला बोट लावले तर ते भुईमुगाच्या वाळक्या टरफलासारखे तुटून पडले. तो वास तापून करपणाऱ्या सॉकेटच्या प्लास्टिकचा होता. बाहेरून सॉकेट नवे कोरे, पांढरेशुभ्र दिसत होते, कारण दोनच महिन्यांपूर्वी ते इंडक्शनसाठी म्हणून बदलून घेतलेले होते.

त्या सांध्यात काय घडत होते ते आकड्यांत सांगतो. सैल किंवा गंजलेल्या जोडाचा विरोध ०.२ ओहम धरला आणि त्यातून ८.७ अँपिअर गेले, तर तिथे १५ वॅट उष्णता तयार होते. लहान सोल्डरिंग आयर्न जेवढी तापते तेवढी ही उष्णता, वाटाण्याएवढ्या जागेत, लाकडी खोक्यात, तासभर. यात फ्यूजही उडत नाही आणि एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, तोही पडत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो. जुन्या वायरीवर भरवसा ठेवू नका असे मी बजावतो ते एवढ्यासाठी. ॲल्युमिनियमची वायर असेल तर धोका आणखी वाढतो: तिच्यावर ऑक्साइडचा थर चढतो, स्क्रूखाली ती दबत जाते, आणि तिला तांब्याची वायर पिळून जोडली तर दमट हवेत जोड कुजतो. कोकणात एका पावसाळ्यातही असा जोड हिरवट-पांढरा पडू शकतो.

नवी लाइन कशी असावी

जुन्या वायरीला कुठेही जोड न देता, मुख्य बोर्डापासून शेगडीपर्यंत स्वतंत्र, अखंड लाइन ओढावी. तीत फेज, न्यूट्रल आणि अर्थ या तिन्ही वायरी नव्या असाव्यात. न्यूट्रल जवळच्याच पॉइंटवरून घेऊ अशी युक्ती तारतंत्री सुचवील. ती मान्य करू नका. उसना न्यूट्रल घेतला की त्या जुन्या बारीक वायरीतून दोन्हीकडचा प्रवाह परततो, आणि पुढे आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवली तर ती कारण नसताना पडू लागते.

वायर तांब्याची, आयएसआय चिन्हाची, एफआर (आग सहसा पसरू न देणाऱ्या) किंवा त्याहून वरच्या प्रतीच्या आवरणाची घ्यावी. पाइपातून नेलेली २.५ चौरस मिलिमीटरची वायर साधारण १८ अँपिअर, ४ ची २४ आणि ६ ची ३१ अँपिअर पेलते. त्याच पाइपात आणखी वायरी असतील किंवा भिंत तापती असेल तर ही क्षमता कमी होते. एका जागेच्या शेगडीला २.५ पुरते हे हिशेबाने खरे आहे. तरीही जुन्या घरात मी ४ चौरस मिलिमीटरच घालायला सांगतो, कारण वायरींतला फरक थोड्या रुपयांचा असतो आणि भिंत पुन्हा फोडण्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट. शिवाय आज एका जागेची शेगडी घेणारे घर उद्या दोन जागांची घेते.

एका जागेच्या शेगडीला १६ अँपिअरचे सॉकेट आणि १६ अँपिअरची एमसीबी. दोन जागांची ३५०० वॅटची शेगडी १६ च्या काठावर चालते, म्हणून तिला पिन आणि सॉकेटऐवजी २० अँपिअरचा डीपी स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा) देऊन कायमची जोडणी करावी, एमसीबी २० ची ठेवावी आणि वायर ४ चीच. सात हजार वॅटच्या शेगडीला ३२ ची एमसीबी लागते आणि ६ ची वायर तिथे अपुरी पडते. १० चौरस मिलिमीटरची घ्यावी. अशा शेगडीच्या मागे जोडणीच्या ठिकाणी तांब्याच्या छोट्या पट्ट्या असतात, त्या कशा लावायच्या हे सिंगल फेज आणि दोन फेज यांनुसार बदलते. सोबतच्या पुस्तिकेतली आकृती पाहिल्याशिवाय कोणालाही त्यांना हात लावू देऊ नका. एमसीबी वायरीच्या क्षमतेपेक्षा मोठी कधीही नसावी, कारण एमसीबी वायरीला राखते, शेगडीला नाही.

सॉकेट साधे १६ अँपिअरचे, तीन भोकांचे घ्यावे. ६ आणि १६ अशा दोन्ही पिना घेणारे सहा भोकांचे सॉकेट सोयीचे वाटते, पण लहान-मोठ्या पिना आलटून पालटून घालत राहिल्याने आतली पितळी पकड सैल होत जाते, आणि सैल पकड म्हणजे पुन्हा तोच तापणारा जोड. एक्स्टेंशन बोर्ड तर शेगडीला कधीही लावू नये.

जागा ठरवताना ओट्यापासून वीतभर उंच, शेगडीच्या बाजूला, तिच्या बरोबर वर नाही, अशी निवडा. वर घेतले तर वाफ आणि फोडणीचे तेल सॉकेटात जाते आणि वायर तापल्या पातेल्यावरून लोंबते. मोरीपासून किंवा सिंकपासून जमेल तेवढे दूर ठेवा. ओट्याखाली गॅसचा सिलिंडर असेल तर तिथे सॉकेट किंवा स्विच अजिबात घेऊ नका. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर खालीच साचतो, आणि स्विच दाबताना उडणारी बारीक ठिणगी त्याला पुरते.

भिंतीविषयी एवढेच सांगतो. वाड्याच्या माती-विटांच्या भिंतीत किंवा चिऱ्याच्या भिंतीत खोल खाचा पाडण्यापेक्षा भिंतीवरून पीव्हीसी पाइप किंवा केसिंग नेणे चांगले. दिसायला थोडे कमी, पण भिंतीला इजा नाही आणि वायर पुढे केव्हाही तपासता येते. काँक्रीटच्या इमारतीत खांब आणि तुळई फोडू देऊ नका.

अर्थिंग

जुन्या घरांत सर्वांत जास्त फसगत इथे होते. सॉकेटला तिसरे भोक असते, त्यात हिरवी वायरही दिसते, पण ती पुढे कुठेच जात नाही. पूर्वी ती नळाच्या लोखंडी पाइपाला बांधत. नंतर नळदुरुस्तीत मध्येच प्लास्टिकचा तुकडा आला आणि अर्थ तुटला, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. त्याहून वाईट म्हणजे सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल एका तुकड्याने जोडून टाकणे. टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला साधा दिवा) लावला तर तो छान पेटतो, म्हणून सगळ्यांचे समाधान होते. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर त्याच तुकड्यातून शेगडीच्या धातूच्या अंगावर २३० व्होल्ट येतात. कोणी असा जोड सुचवला तर काम तिथेच थांबवा.

अर्थ खरा आहे का हे मोजणीच्या यंत्राने (अर्थ टेस्टरने) मोजावे लागते. बैठ्या घराला अंगणात स्वतंत्र अर्थिंग करता येते. कोळसा-मीठ घालून पुरलेला अडीच मीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप अजूनही चांगले काम देतो, फक्त उन्हाळ्यात त्यात पाणी घालायला विसरू नये. वरच्या मजल्यावरच्या घराला इमारतीच्या अर्थिंगपासून वायर वर आणावी लागते आणि त्यासाठी सोसायटीशी किंवा मालकाशी बोलावे लागते. हे बोलणे टाळून पुढे जाऊ नका.

अर्थिंग चांगले झाले तरी तेवढ्यावर भागत नाही. समजा अर्थचा विरोध ५ ओहम आला, जो घरगुती अर्थिंगसाठी बरा मानतात. फेज शेगडीच्या अंगाला लागला तर जमिनीत जाणारा प्रवाह २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. १६ अँपिअरच्या सी प्रकारच्या एमसीबीला क्षणात पडण्यासाठी त्याच्या ५ ते १० पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. ४६ ला ती काही सेकंद रेंगाळते, आणि माणसाचा हात पातेल्यावर असेल तर ते सेकंद फार होतात. म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लावायचीच. ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सतत ताडून पाहते आणि ०.०३ अँपिअरचाही फरक पडला की एका सेकंदाच्या अंशात वीज तोडते. इंडक्शनमध्ये इलेक्ट्रॉनिक भाग असल्याने 'एसी' प्रकारापेक्षा 'ए' प्रकारची (ही आरसीसीबीच्या प्रकारांची नावे) आरसीसीबी मागून घ्यावी. खर्चात कुठे काटकसर करायचीच असेल तर ती टाइल्समध्ये करा, इथे नको.

कामाचा दिवस

मेन बंद करा, किटकॅट असतील तर काढून खिशात ठेवा, म्हणजे दुसरा कोणी ते परत बसवणार नाही. नंतर इन्व्हर्टर बंद करा आणि त्याची बॅटरीही सोडवा. मेन बंद असूनही इन्व्हर्टरने बोर्डातली वायर जिवंत ठेवलेली असते, ही गोष्ट हमखास विसरली जाते. वाड्यांत आणि चाळींत शेजारच्या खोलीची वायर तुमच्या बोर्डातून गेलेलीही सापडते. म्हणून प्रत्येक वायर टेस्ट लॅम्पने किंवा मल्टिमीटरने तपासूनच हात लावायचा. पेचकसासारख्या, आत बारीक दिवा असलेल्या टेस्टरवर विसंबायचे नाही. तपासायचे साधन चालू आहे ना, हे आधी जिवंत पॉइंटवर पाहून घ्यायचे.

सॉकेटकडे तोंड करून उभे राहिल्यावर मोठे भोक वर, ते अर्थचे. उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. घरातल्या वायरी लाल, काळ्या आणि हिरव्या. शेगडीच्या वायरीत मात्र तपकिरी फेज, निळा न्यूट्रल आणि हिरवा-पिवळा अर्थ असतो. कायमची जोडणी करताना या रंगांची गल्लत होऊ देऊ नका. वायरीची सगळी केसरे (आतल्या बारीक तारा) स्क्रूखाली गेली पाहिजेत. बसत नाहीत म्हणून चार केसरे कापून टाकली तर तेवढी वायर बारीक झाली. ६ आणि १० च्या वायरीच्या टोकाला लग (तांब्याची टोपी) दाबून बसवावा. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर एकदा ओढून पाहा. नवी लाइन आरसीसीबीतून वीज बाहेर पडते त्या बाजूने घ्यावी, आणि तिचा न्यूट्रलही तिथूनच.

वीज सोडण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (आवरण किती शाबूत आहे ते मोजणारे यंत्र) वायरींचा आवरणविरोध मोजावा. नव्या लाइनला तो १ मेगओहमपेक्षा पुष्कळ जास्त येतो. तेवढा न आल्यास कुठेतरी आवरण सोलले गेले आहे. मग वीज सोडून आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबा. ती पडलीच पाहिजे, आणि पुढेही महिन्यातून एकदा दाबत राहा. कंत्राटदाराकडून टेस्ट रिपोर्ट सहीनिशी घ्या.

पहिल्या दिवशी मोठ्या पातेल्यात पाणी ठेवून शेगडी अर्धा तास पूर्ण ताकदीवर चालवा. मग स्विच बंद करून पिन काढा आणि तिला बोट लावा. कोमट असेल तर ठीक. धरवत नसेल तर सॉकेट किंवा जोड सदोष आहे, तो त्याच दिवशी बदलून घ्या. बोर्डातल्या एमसीबीवर 'शेगडी' असे लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी त्याच तारतंत्र्याला परत बोलावून मेन बंद करून सॉकेटचे आणि एमसीबीचे स्क्रू पुन्हा आवळायला सांगा. तापून-निवून वायरीची केसरे थोडी बसलेली असतात आणि स्क्रू बहुधा पाव फेरा आणखी फिरतो.